आसोळची दुसरी बारी

“…आणि पहिली बारी सादर करतील मेस्त्री बुवा,” देवळाचे मानकरी आबा नाइकांनी माइकवर जाहीर केलं. माझ्या शेजारी बसलेल्या दाजी हडकर बुवांनी हसून चारी दिशांना हात जोडले, पेटीच्या भात्याची खिटी काढली आणि सूर धरायला बोट ठेवलं.

मी त्यांचं मनगट पकडलं. लोकांना ते विचित्र दिसू नये म्हणून तसाच खाली वाकलो, पाया पडल्यासारखं केलं आणि वर येता येता त्यांच्या डाव्या कानात ओरडलो, “तुमची नाही. उल्हासची पहिली.”

“कोणी सांगल्यान?”

“आबांनी. आत्ता. माइकवर.”

दाजींनी खिटी परत लावली. समोर, सभामंडपाच्या पलीकडच्या अंगाला, उल्हास मेस्त्री आपल्या मंडळींसह बसला होता. तो आमच्याकडे बघून हसला नाही. हसला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

डबलबारी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन भजनी मंडळं देवळात समोरासमोर बसतात. सुरुवात देवाच्या नावाने होते आणि पुढे त्याच नावाने एकमेकांची अब्रू काढली जाते. पहिला बुवा आपल्या बारीत टोमणे मारतो, कोडी घालतो. दुसऱ्याने ती ऐकायची, तिथल्या तिथे रचायची आणि चालीवर परत करायची. घरून पाठ करून आणलेलं लोकांना लगेच कळतं, आणि मग देवळात खोकल्याची साथ पसरते. शेवटचा शब्द दुसऱ्याचा, म्हणून दुसरी बारी वडीलधाऱ्याला मानाची. आणि दुसऱ्याची बारी चालू असताना जो मध्ये तोंड उघडील तो हरला. हे नियम कुठेही लिहिलेले नाहीत, त्यामुळे पाळले जातात.

दाजी गेली काही वर्षं हट्टाने पहिली बारी मागून घेत होते. “तरण्यांका मान मिळांदे,” असं म्हणायचे. लोक म्हणायचे, बुवा निवळले. दाजींना नम्रतेची बाधा होऊ शकते असं ज्यांना वाटत होतं ते त्यांना दुरूनच ओळखत असणार. खरं कारण मला ठाऊक होतं. उभा जन्म कानाशी झांजा वाजून दाजींचा उजवा कान गेला होता आणि डावा निघायच्या तयारीत होता. स्वतःचं गाणं ते गळ्याच्या आणि बोटांच्या सवयीवर निभावून नेत. माझा पखवाज त्यांना जमिनीतून, मांडीतून कळायचा. पण समोरच्याला उत्तर द्यायचं तर त्याचं ऐकावं लागतं. पहिल्या बारीत ऐकावं लागत नाही.

हे बाहेर फुटलं असतं तर दाजींना दुसऱ्या दिवसापासून कुणी बोलावलं नसतं. बारी वजा केली तर दाजी म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेला, शेजाऱ्यांशी बांधावरून भांडणारा एक म्हातारा. असे आमच्याकडे वाडीला चार असतात. दाजींना ते माहीत होतं, कारण उरलेल्या तिघांशी त्यांचं भांडण होतं.

मी तेव्हा कणकवलीच्या कॉलेजात मराठी शिकवत होतो. पखवाज वडिलांकडून आला होता आणि ‘कलेचे प्रयोजन’ या विषयावरचा प्रबंध माझा मीच ओढवून घेतला होता. दाजींनी एकदा विचारलं होतं, हे काय असतं. मी म्हटलं, कला कशासाठी असते त्याचा अभ्यास. “लिही, लिही,” दाजी म्हणाले, “पगार वाढात.” तेव्हापासून ते मला प्रोफेसर म्हणत, आणि त्यांच्या तोंडी ती शिवी होती.

उल्हास हा दाजींचा शिष्य. एस्टीच्या डेपोत कामाला होता, आठ वर्षं आमच्या कोरसात झांज वाजवत होता. एका बारीत दाजी स्वतः बांधलेला अभंग गात होते आणि कोरसाने फक्त धृपद उचलायचं होतं. अंतऱ्याच्या तोंडाशी उल्हासने अचानक डोळे मिटले आणि स्वतःच्या डोक्यातली एक लांब जागा घेतली, खालून वर चढत जाऊन शेवटी अलगद समेवर ठेवलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुन्हा घे म्हणून ओरडले. दाजींनी भाता मिटला.

“उल्हास, खाली उतर.”

“बुवांनू, माका सुचला…”

“तुका सुचूक मी हय ठेवलंय काय? सुचता ता माका. तू झांज वाजव. आता तीय नको. उतर.”

भर बारीतून तो चपला हातात घेऊन उतरला. पुढे त्याने स्वतःचं मंडळ काढलं, नाव केलं, आणि जिथे जाईल तिथे आपल्या गुरूचं नाव घेताना एक सेकंद थांबायला लागला. त्या एका सेकंदात लोक हसायचे.

आसोळच्या सातेरीच्या जत्रेत रात्री दशावतार असतो, म्हणून बारी दुपारी. जेवून आलेले, पानं चघळणारे लोक खांबांना टेकून बसले होते. बारीआधी चहाच्या टपरीवर उल्हास मला भेटला होता.

“प्रोफेसर, आज बुवांका दुसरी बारी,” तो म्हणाला. “मीच आबांका सांगितलंय. ज्येष्ठांचो मान ठेवूक व्हयो.”

“त्यांना पहिली आवडते.”

“ठावक आसा माका,” उल्हास म्हणाला, “आणि कित्याक आवडता ताय ठावक आसा.”

त्याने माझ्या चहाचे पैसे दिले. शत्रूने चहा पाजला की आमच्याकडे तो पचत नाही. तरी आबा नेहमीप्रमाणे दाजींचंच ऐकतील असं समजून मी दाजींना हे सांगितलं नव्हतं.

उल्हासची बारी सुरू झाली. नमन झालं, रूपाचा अभंग झाला. आवाज मोठा तयार होता, मान्य करायलाच हवं. मग त्याने चाल बदलली, झांजा वाढल्या, आणि आमच्याकडे बोट करून त्याने गजर धरला:

“म्हातारो वाघ गुहेत बसलो, दात गेले, नखां गेली,
डरकाळी फोडूक तोंड उघडल्यान, शेळी म्हणता, जांभय इली!”

देऊळ हसलं. दाजीही हसले. हसताना ओठ न हलवता मला म्हणाले, “काय म्हणता?”

मी झांजांच्या आवाजाखाली त्यांच्या कानाशी तोंड नेलं. “तो म्हणतो, तुमचं वय झालं.”

“येवढाच?”

“साधारण.”

“मग लोकां इतकी हसतत कित्याक? प्रोफेसर, माका मराठी शिकवू नको. तो बोललो तसा सांग.”

मी सांगितलं. वाघ, दात, शेळी. दाजींनी मान डोलवली. “यमक बरा आसा,” ते म्हणाले. “माझाच शिकवलेला.” आणि डोळ्यांत असा काही थंडपणा आला की मी पखवाजाच्या डाव्या अंगाला थापलेली कणीक उगीच चाचपून पाहिली.

पुढची तीन कडवी मी अशीच पोचवली. दाजी पेटीवर बोटं ठेवून मनात उत्तरं जुळवत होते हे त्यांच्या जबड्यावरून कळत होतं. निभेल असं मला वाटू लागलं, आणि नेमका तेव्हाच उल्हासने हात वर करून सगळं थांबवलं.

“आसोळकरांनू,” तो म्हणाला, “माझ्या गुरूंचो पखवाजी त्यांच्या कानात सारख्या काय सांगता, माका कळना नाय. बहुतेक माझा कौतुक करता. इतक्या बरा माणूस तिकडे कशाक बसवून ठेवायचा? सातेरीच्या पुढ्यात मागतंय. पेडणेकर सरांचो हात एका अभंगाक माका मिळांदे.”

देवीच्या पुढ्यात एका बुवाने दुसऱ्याचा हात मागितला तर नाही म्हणत नाहीत. हा मान समजला जातो. उल्हासचा स्वतःचा पखवाजी बोटं मोडत उठलाच, आणि मंडपाबाहेर त्याचा चहा आधीच सांगून ठेवलेला होता.

मी उठलो. “खंय चाललंस?” दाजींनी विचारलं, जरा मोठ्यानेच.

मी कानात सांगितलं. सगळं देऊळ बघत होतं. दाजींनी उल्हासकडे पाहून उदार हसू केलं आणि हळूच मला म्हणाले, “जा. पण वायट वाजय.”

मी मंडप ओलांडून शत्रूच्या शेजारी जाऊन बसलो. वाईट वाजवायचं ठरवलं होतं, पण पखवाज चढा, सुरेख लागलेला होता आणि उल्हासची लय पक्की होती. एखादं कडवं होईपर्यंत मी कुठल्या बाजूचा आहे हे माझे हात विसरले. समोर, एकटे पडलेले दाजी ताठ बसून आमच्याकडे बघत होते.

अभंग संपत आला तसा उल्हासने डाव्या हाताची मूठ मिटली. झांजा थांबल्या. मीही थांबलो. त्याने पेटीचा भाता मिटून खिटी लावली.

आणि तो गाऊ लागला.

म्हणजे, तोंड हलवू लागला. डावा हात हवेत, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर पळतायत, मान हलतेय, गळ्याची शीर फुगलीय, आणि आवाज शून्य. मी हातभर अंतरावर होतो. श्वाससुद्धा ऐकू आला नाही. देवळात आधी कुजबूज झाली, मग तीही बंद पडली. काय चाललंय ते लोकांना कळायला लागलं होतं, आणि कळलेले लोक न कळलेल्यांना कोपराने ढोसत होते.

मला ओरडायचं होतं. ओरडून तरी काय उपयोग होता? ज्याला सांगायचं त्याला ऐकू आलं नसतं, आणि बाकीच्यांना जे कळायला नको ते माझ्या ओरडण्याने कळलं असतं.

दाजी ऐकत होते. निदान तसं दिसत होतं. उल्हासच्या तोंडाकडे आणि बोटांकडे त्यांची नजर लागली होती, आणि ते हळूहळू डोलायला लागले. कडवं सरलं. उल्हासची बोटं खालच्या पट्ट्यांकडून वर चढत गेली, चढत गेली, आणि एका जागी येऊन थांबली. तेवढ्यात दाजींनी मांडीवर थाप मारली.

“वा!”

बहिऱ्या माणसाची दाद मोठी असते. त्या मुक्या देवळात तो ‘वा’ खांबाखांबावर आपटला.

मग पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, “मेल्या, बुवा बहिरो आसा!” आणि देऊळ फुटलं. पुरुष खांबाला डोकं टेकून हसत होते, बायका पदर तोंडात धरून. आबा नाईक चष्मा काढून डोळे पुसत होते. उल्हासने शांतपणे खिटी काढली, भाता सोडला आणि माइक जवळ ओढला.

“गुरूंची दाद मिळाली,” तो म्हणाला. “आणखी काय व्हया? हयसर माझी बारी मी पुरी करतंय.”

मी परत माझ्या जागी आलो. ते दहा पावलांचं अंतर लोकांच्या हसण्यातून चालायचं होतं.

“लोकां कित्याक हसतत?” दाजींनी विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्यांच्या कानाला हाताचा कर्णा केला आणि सांगितलं. तो गायलाच नाही. नुसतं तोंड हलवलं. तुम्ही वा म्हणालात. सगळ्यांना कळलं.

दाजींनी खांद्यावरच्या पंच्याने पेटीच्या पट्ट्या पुसल्या. मग विचारलं, “आवाज अजिबात नव्हतो?”

“अजिबात नाही.”

“कोणाकच काय आयकाक इला नाय?”

“कुणालाच नाही.”

“तुका? तू बाजूक होतंस.”

“मलाही नाही, दाजी.”

“बरा,” दाजी म्हणाले आणि त्यांनी खिटी काढली.

ना नमन, ना रूपाचा अभंग. एक सूर धरून ते सरळ बोलायलाच लागले.

“आसोळकरांनू, मी बहिरो. खरा आसा. हसा, हसा, माका आयकाक येना नाय, फुकट जाता तुमचा.” थोडं हसू झालं, पण आता ते आमच्या बाजूचं होतं. “पण येक गजाल सांगतंय. आज ह्या देवळात येक माणूस गायलो. तुम्हां सगळ्यांका कान आसत आणि तुमका कोणाक आयकाक इला नाय. माका कान नाय आणि माका आयकाक इला. बहिरो माणूस तोंडां वाचता, ठावक आसा मा तुमका?”

उल्हासने मान वर केली.

“त्येका वाटला, कोणाकच कळाचा नाय. म्हणान मनातला होता नव्हता ता सगळा बोललो. मी वा म्हणालंय ता यमकाक. अर्थाक नाय. अर्थ तुमीच आयका आणि तुमीच दाद देवा.”

त्यांनी माझ्या गुडघ्यावर बोटं आपटून लय दिली, मी ठेका धरला, आणि दाजींनी, एवढं ऐन वेळी सुचलेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही, गजर उचलला:

“देवी तुमची मातयेची, वस्ती तुमची गुरांची,
नारळ माझो, मान माझो, माती तुमच्या पोरांची!”

पहिल्यांदा कुणी हसलं नाही. सातेरी म्हणजे वारूळ. आसोळची देवी मातीचीच आहे, आणि हे आसोळकरांनी म्हणायचं असतं, बाहेरच्याने नाही. दाजींनी ओळ परत घेतली, कोरसाने मध्ये देवीचं नाव घातलं, झांजा चढल्या. दुसऱ्या कडव्यात गावच्या बायका आल्या. तिसऱ्यात आबा नाइकांच्या घरचे वांझोटे माड आले. प्रत्येक ओळीआधी दाजी उल्हासकडे हात करून म्हणत, “मी नाय हां, तो म्हणता,” आणि गात. यमकं इतकी चोख पडत होती की ती रचलेली नसून कुणाच्या तरी तोंडून ऐकलेली आहेत असंच वाटावं.

विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न आसोळकरांना पडला नाही. चिडायला मिळतंय एवढं पुरेसं होतं.

उल्हास ताडकन उठला. “खोटा! मी असा काय एक म्हटलंय नाय!”

दाजी गात राहिले. त्यांना तो उठलेला दिसत होता, पण काय म्हणतोय ते ऐकू येत नव्हतं, आणि ती त्या दुपारी त्यांच्या बहिरेपणाची पहिली सोय होती.

“खाली बस! दुसऱ्याची बारी आसा!” लोक उल्हासवर ओरडले.

“मग काय म्हटलंस ता सांग!” पायऱ्यांवरून आवाज आला.

उल्हासने तोंड उघडलं. दाजींकडे पाहिलं. तोंड मिटलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि तो ते सांगणार नव्हता, एवढं मला माझ्या जागेवरून दिसलं. मग म्हणाला, “काय म्हटलंय नाय. नुसता तोंड हलवलंय.”

“देवीच्या पुढ्यात?” आबा नाइकांनी विचारलं. ते माइकशिवाय बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“सरांका इचारा!” उल्हास म्हणाला. “ते माझ्या बाजूक होते. सर, सांगा तुमी!”

मी ठेका सोडला नाही. सगळी डोकी माझ्याकडे वळली, तेव्हा जे खरं होतं ते सांगितलं. “मला काही ऐकू आलं नाही.”

मग एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, “बघा गो बाये! कॉलेजच्या मास्तराक आयकाक इला नाय आणि बुवाक इला!” आणि तिथे उल्हासची बारी संपली.

शेवटी आबांनी देवीचा नारळ दाजींच्या ओंजळीत ठेवला. दुसरा, उल्हाससाठी आणलेला, टोपलीतच राहिला. उल्हासची माणसं झांजा गोळा करून खाली मान घालून मागच्या दाराने बाहेर पडली. दाजी बायकांकडून पाया पडून घेत होते. एकीने विचारलं, “बुवांनू, माझा मनातलाय कळता काय तुमका?” दाजी म्हणाले, “कळता. पण चार माणसांत सांगण्यासारख्या नाय,” आणि ती लाजून पळाली.

हाताची कणीक धुवायला मी देवळामागच्या विहिरीवर गेलो. तिथे उल्हास पेटी खांद्यावर घेऊन टेम्पोची वाट बघत उभा होता.

“खरंच काय म्हणत होतास तू?” मी विचारलं.

“तुमका कित्याक व्हया? प्रबंधात घालूक?”

त्याने पेटी कठड्यावर ठेवली.

“मी ठरवून काय म्हणाक गेलंय नाय,” तो म्हणाला. “म्हाताऱ्याची फजिती करूची होती, इतक्याच. पण बोटां खंयतरी ठेवूक व्हयी ना? बोटां गेली ती त्येच्याच अभंगावर. त्येनीच बांधललो, माका पयलो शिकवललो. तोंडय मग त्येच्या मागसून गेला.”

“तोच? ज्यावरून…”

“तोच. आणि मग माझी जागा इली. ती मी घेतलंय. आवाजच नाय तर अडवतलो कोण? आणि सर, तो ‘वा’ खंय इलो, बघलात तुमी? थयच. जागा पुरी झाली आणि थयच.”

“योगायोग असेल.”

“तसाच आसतला,” उल्हास म्हणाला.

“मग हे तिथे उभं राहून का नाही सांगितलंस? लोकांनी…”

“काय सांगू? शिवी देवूक बसलंय आणि पाया पडान उठलंय म्हणान सांगू?” त्याने पेटी पुन्हा खांद्यावर घेतली. “जावा तुमी. तुमचो बुवा वाट बघीत आसतलो.”

त्यानंतर उल्हास मेस्त्री कुठल्याच बारीला बसला नाही. बोलावणी आली नाहीत म्हणून की आलेली त्याने घेतली नाहीत, मला नक्की सांगता येत नाही. डेपोतून निवृत्त झाला. मुलाला त्याने क्रिकेट शिकवलं. दाजींना मात्र आधीपेक्षा जास्त सुपाऱ्या येऊ लागल्या. एका गावाने तर फलकावर लिहिलं, ‘न गायलेले ऐकणारे बुवा’. प्रतिस्पर्धी त्यांच्यासमोर तोंड मिटून बसायचे, जांभईसुद्धा आवरायचे. माझा प्रबंध यथाकाळ मान्य झाला. त्यात डबलबारीवर एक प्रकरण आहे. त्यात आसोळ नाही.

पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी आम्ही दोघं टेम्पोच्या हौद्यात, मध्ये पखवाज ठेवून बसलो होतो. दाजी मांडीवर नारळ धरून बाहेरच्या काजूच्या बागा बघत होते. रस्ता खराब होता, ओरडावंच लागत होतं, आणि दोन ढेंगांवर चालक बसला होता तरी मी ओरडलो.

“दाजी, उल्हास तुमचाच अभंग म्हणत होता! तोंडात! तुम्ही त्याला शिकवलेला!”

“ठावक आसा,” दाजी म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी परत सांगितलं.

“आयकलंय रे. बोरडतंस कित्याक?” ते म्हणाले. “बोटां दिसत होती ना त्येची. माझो अभंग माका कळाचो नाय?”

“म्हणजे तुम्ही ओठ वाचले ते…”

“ओठ कोण वाचता! त्येच्या मिशयेत माका ओठच दिसनत नाय.”

टेम्पोने एक खड्डा घेतला. आम्ही दोघांनीही आधी पखवाज धरला.

“आणि तो ‘वा’?” मी विचारलं.

“तो खरो.” दाजींनी नारळ दुसऱ्या मांडीवर घेतला. “ती जागा मी मागीर घरात कितीदा घेवन बघलंय. माका तशी पडना नाय.”

मी त्यांच्या अगदी कानाशी गेलो. “दाजी, मग हेच सांगायचं होतं की हो तिथे! एवढंच! अहो, सगळं देऊळ रडलं असतं!”

“रडला आसता,” दाजी म्हणाले. “आणि बारी तो घेवन गेलो आसतो.”